'तुकड्या' : एका पुरुषनामाची व्युत्पत्ती, अर्थ आणि सामाजिक संदर्भ

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर हे गाव श्रीहरी बालाजीचे देवस्थान, तेथील घोडायात्रा आणि १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यातील क्रांती यांसाठी महाराष्ट्राला परिचित आहे. या गावाच्या इतिहासात आणि आजच्या सार्वजनिक जीवनात एक पुरुषनाम सातत्याने उच्चारले जाते. ते नाव म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. चौकातील फलक, शाळा-महाविद्यालयांची नावे, सामुदायिक प्रार्थनेची सभागृहे आणि भजनी मंडळे यांतून हे नाव इतके रूढ झाले आहे की त्याचा शब्दशः अर्थ काय, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. 'तुकडा' हा मराठीतील अगदी साधा, किंबहुना क्षुल्लक मानला जाणारा शब्द. भाकरीचा, कापडाचा, जमिनीचा तुकडा असतो. मग तो एका माणसाचे, आणि तेही लाखोंना वंदनीय असलेल्या माणसाचे नाव कसा झाला?

व्यक्तिनामांचा अभ्यास हा भाषाविज्ञान, समाजशास्त्र, इतिहास व लोकसंस्कृती या ज्ञानशाखांच्या सीमेवरील विषय आहे. युरोपात तो स्वतंत्र शास्त्र म्हणून विकसित झाला. मराठीत मात्र आडनावे व ग्रामनामे यांच्या तुलनेत व्यक्तिनामांचा, त्यातही ग्रामीण पुरुषनामांचा विचार कमी झालेला आढळतो. प्रस्तुत लेखात 'तुकड्या' या नावाची व्याकरणिक घडण, त्याचा अर्थ, मराठीतील हीनार्थी नावांच्या परंपरेत त्याचे स्थान आणि आजच्या शिक्षणक्षेत्रातील व्यक्तीसाठी त्याचे महत्त्व यांचा विचार केला आहे. क्षुल्लक अर्थाचे प्रत्येक नाव अपमानकारक नसते आणि प्रत्येक नाव विनयदर्शकही नसते. ते कोणी दिले, कोणाला दिले आणि ते स्वीकारण्याचे स्वातंत्र्य त्या व्यक्तीला होते की नाही, यावर नावाचा खरा अर्थ ठरतो, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

'तुकडा' : शब्दविचार

'तुकडा' हे आकारान्त पुल्लिंगी नाम आहे. हिंदीत ते 'टुकडा' आणि गुजरातीत 'टुकडो' या रूपात आढळते. मराठीत आरंभीच्या 'ट'च्या जागी 'त' येतो. कोणत्याही अखंड वस्तूपासून वेगळा झालेला भाग हा या शब्दाचा मूळ अर्थ. याच शब्दापासून 'तुकडी' हे स्त्रीलिंगी रूप सिद्ध होते. सैन्याची तुकडी, शाळेतील इयत्तेची तुकडी हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. शेतजमिनीचे लहान लहान भाग पडू नयेत यासाठी १९४७ साली झालेल्या कायद्याला मराठीत 'तुकडेबंदी'चा कायदा म्हणतात.

या शब्दाभोवती मराठीने जे वाक्प्रचार निर्माण केले आहेत, ते परस्परविरोधी भाव व्यक्त करतात. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा माणूस 'फुकटचे तुकडे मोडतो'. येथे शब्दाला तिरस्काराची छटा आहे. आईला आपले मूल 'काळजाचा तुकडा' वाटते. येथे तोच शब्द वात्सल्याचा परमोच्च बिंदू गाठतो. व्यवहाराचा निर्णय लागला की 'तुकडा पडला' असे म्हणतात. तसेच दृष्ट लागू नये म्हणून घरात येणाऱ्या नवदांपत्यावरून किंवा दूरच्या प्रवासाहून परतलेल्या मुलावरून 'भाकरतुकडा' ओवाळून टाकण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. म्हणजेच तुकडा ही टाकून देण्याची वस्तू आहे, परंतु ती टाकून देण्यामागे कोणाचे तरी रक्षण करण्याचा हेतू आहे. हीनता, प्रेम आणि रक्षण या तिन्ही अर्थच्छटा एका शब्दात एकवटल्या आहेत, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

'तुकड्या' आणि 'तुकडोजी' : व्याकरणिक घडण

'तुकडा' या सामान्यनामापासून 'तुकड्या' हे विशेषनाम कसे सिद्ध होते, याचा विचार तीन अंगांनी करता येतो.

पहिले अंग प्रत्ययाचे आहे. मराठीत 'या' हा प्रत्यय लावून पुरुषवाचक नावे तयार होतात. चष्मा वापरणारा तो 'चष्म्या', मोठी ढेरी असलेला तो 'ढेऱ्या'. त्याच न्यायाने ज्याचा तुकड्याशी संबंध आहे, तो 'तुकड्या'. हाच प्रत्यय मूळ नावाला लागून सलगीचे किंवा तुच्छतेचे रूपही घडवितो. गणेशाचा 'गण्या' होतो, रामाचा 'राम्या' होतो. मित्राने म्हटले तर ती जवळीक ठरते, परक्याने म्हटले तर अपमान.

दुसरे अंग विभक्तीचे आहे. आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप 'या'कारान्त होते. जसे घोडा – घोड्याला, तसे तुकडा – तुकड्याला, तुकड्याने, तुकड्यावर. भिक्षेच्या 'तुकड्यावर' जगणारा तो 'तुकड्या', हे पारंपरिक स्पष्टीकरण मराठी माणसाला सहज पटते, कारण नाव आणि सामान्यरूप यांचा उच्चार एकच आहे.

तिसरे अंग संबोधनाचे आहे. 'घोडा' या शब्दाचे एकवचनी संबोधन जसे 'घोड्या' होते, तसे 'तुकडा' शब्दाचे संबोधन 'तुकड्या' होते. म्हणजे हे नाव रूपानेच हाक मारल्यासारखे आहे. हे नाव गुरूने शिष्याला दिले, ही परंपरा लक्षात घेतली असता नावाचे हे संबोधनरूप अधिक अर्थपूर्ण वाटते.

'तुकडोजी' हे रूप याच्या पुढील पायरीचे आहे. मराठीत ओकारान्त नामरूपाला 'जी' हा आदरार्थी प्रत्यय जोडून कान्होजी, राणोजी, शिदोजी यांसारखी नावे होतात. महाराजांच्या वडिलांचे नाव बंडोजी, गुरूंचे नाव आडकोजी. त्यांच्या परिसरातील पुरुषनामांचा हाच साचा 'तुकडोजी' या नावाला मिळाला. याबाबत एक लक्षणीय भेद नोंदविणे आवश्यक आहे. महाराज स्वतःच्या रचनांत स्वतःला 'तुकड्या' किंवा 'तुकड्यादास' म्हणवितात. 'तुकडोजी महाराज' हे लोकांनी त्यांना उद्देशून वापरलेले रूप आहे. पहिले रूप स्वतःला लहान करणारे, तर दुसरे लोकांनी आदराने मोठे केलेले आहे.

माणिक ते तुकड्या : नामांतराची पार्श्वभूमी

तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. वडील बंडोजी व आई मंजुळाबाई यांनी मुलाचे नाव 'माणिक' ठेवले. संस्कृत 'माणिक्य' या शब्दावरून आलेले हे नाव नवरत्नांपैकी एका रत्नाचे आहे. हिरा, मोती, रतन, पन्ना या नावांच्या मालिकेतील हे नाव असून घरात जन्मलेले मूल हे आपले धन आहे, ही भावना त्यातून व्यक्त होते. अठराविश्वे दारिद्र्य असलेल्या कुटुंबांतही अशी नावे ठेवली जात, हे विशेष.

बालवयात माणिक वरखेड येथील आडकोजी महाराजांच्या सहवासात आला. आडकोजी महाराजांनी त्याचे 'माणिक' हे नाव बदलून 'तुकड्या' असे ठेवले, अशी मान्यता आहे. १९२१ साली आडकोजी महाराजांनी देह ठेवला. त्यानंतर रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदेडा अशा अरण्यप्रदेशांत या तरुणाने भ्रमण व साधना केली. यांपैकी गोंदेडा हे स्थान चिमूर तालुक्यात असून आज ते तपोभूमी म्हणून ओळखले जाते. पुढे १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निर्वाण झाले.

नामांतराच्या दृष्टीने पाहता हा प्रवास रत्नाकडून तुकड्याकडे झालेला आहे. रत्न हे एका घराच्या तिजोरीत राहते. भिक्षेचा तुकडा मात्र घरोघरी मागावा लागतो, आणि अनेक घरांचे तुकडे एकत्र आल्यावाचून एका माणसाचे पोट भरत नाही. माधुकरीवर जगणारा माणूस कोणत्याही एका घराचा राहत नाही, तो सर्व गावाचा होतो. ज्या व्यक्तीने पुढे गाव हेच आपल्या चिंतनाचे केंद्र मानून ४१ अध्यायांची 'ग्रामगीता' रचली, तिच्या बाबतीत हा अर्थ केवळ अलंकारिक राहत नाही.

नाममुद्रेची परंपरा

संतकवींनी आपल्या रचनेत स्वतःचे नाव गुंफण्याची जी पद्धत रूढ केली, तिला नाममुद्रा म्हणतात. ज्ञानदेव, नामा, चोखा, तुका ही नावे अभंगाच्या अखेरीस येतात. एकनाथांची 'एका जनार्दनी' ही मुद्रा तर शिष्य व गुरू या दोघांचेही नाव धारण करते. या परंपरेचे एक वैशिष्ट्य असे की संत स्वतःच्या नावाला कोणतीही पदवी जोडत नाहीत. उलट नाव शक्य तितके संक्षिप्त व घरगुती करतात. नामदेवाचा 'नामा' होतो, तुकारामाचा 'तुका' होतो.

'तुकड्या म्हणे' ही मुद्रा 'तुका म्हणे' या मुद्रेची सहजच आठवण करून देते. हे साम्य व्युत्पत्तीचे नसून ध्वनीचे आहे. तथापि श्रोत्याच्या कानावर ते आपला परिणाम करतेच. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या समाजाला 'तुकड्या' हे नाव 'तुक्याचा लहानसा अंश' असे ऐकू आले असल्यास नवल नाही. महाराजांनी मराठीप्रमाणेच हिंदीतही विपुल भजने रचली. तेथे 'तुकड्यादास' ही मुद्रा कबीरदास, सूरदास, रैदास या नावांच्या पंक्तीत बसते. एकच नाव एका प्रत्ययाने वारकरी परंपरेशी आणि दुसऱ्या पदाने उत्तर भारतीय भक्तिपरंपरेशी जोडले जाते.

हीनार्थी नावांची लोकपरंपरा

'तुकड्या' हे नाव स्वतंत्रपणे पाहिले असता विलक्षण वाटते, परंतु मराठी ग्रामीण समाजात हीन वस्तूंवरून मुलांची नावे ठेवण्याची प्रथा जुनी आहे. दगडू, धोंडू, धोंडीबा ही नावे दगडावरून आली. केरबा हे नाव केरावरून आले. उकिरड्यावरून उकर्डा आणि विदर्भातील बोलीत उकंडा, उकंडराव ही नावे आली. भिकाजी, भिकू, भिकोबा म्हणजे भीक मागून मिळालेला, तर फकिरा म्हणजे फकिराच्या पदरात घातलेला किंवा त्याच्या कृपेने लाभलेला. ही नावे कोणत्याही एका जातीपुरती मर्यादित नव्हती. भारतरत्न महर्षी कर्वे यांचे नाव 'धोंडो' होते, एवढे उदाहरण येथे पुरेसे आहे.

या नावांमागील कारण लोकसमजुतीत सापडते. ज्या घरात लागोपाठ मुले दगावत, तेथे नव्या बाळाचे नाव मुद्दाम हलके ठेवले जाई. सटवीची, दुष्ट शक्तीची किंवा मृत्यूची दृष्टी सुंदर व मौल्यवान गोष्टीकडे वळते. दगडाकडे, केराकडे ती वळत नाही, अशी ही श्रद्धा होती. बाळाला काजळाची तीट लावण्यामागेही हाच विचार आहे. म्हणून अशा नावांना 'रक्षकनामे' म्हणणे उचित ठरते.

ही प्रथा केवळ मराठी समाजाची नाही. मध्ययुगीन हंगेरीतील दस्तऐवजांत 'नेमवालो' म्हणजे 'जो अस्तित्वात नाही असा', अशा अर्थाची पुरुषनामे आढळतात. हंगेरीतील अभ्यासक त्यांना रक्षक नावे असेच म्हणतात. मूल नाहीच, असे नावानेच सांगून मृत्यूची फसगत करण्याचा तो प्रयत्न होता. मंगोलियात 'नेरगुई' म्हणजे 'बिननावाचा' आणि 'एनेबिश' म्हणजे 'हा नव्हे' अशी नावे प्रचलित आहेत. सर्बियन भाषेचे आधुनिक काळातील थोर सुधारक वुक काराजिच यांचा जन्म १७८७ साली झाला. त्यांच्या आधीची भावंडे जगली नव्हती, म्हणून चेटकिणींना भीती वाटावी या हेतूने त्यांचे नाव 'वुक' म्हणजे लांडगा असे ठेवण्यात आले. हजारो मैलांचे अंतर असलेल्या समाजांनी परस्परांशी संबंध नसताना एकसारखी नावे ठेवली, कारण त्या सर्वांचे दुःख एकच होते.

रक्षकनामे आणि बालमृत्यूचे वास्तव

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशात हे दुःख फार जुन्या काळातील नाही. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ज्या गावांत काम सुरू केले, तेथे १९८८ साली बालमृत्यूदर हजार जिवंत जन्मांमागे १२१ इतका आढळला. याचा अर्थ दर आठ बाळांपैकी जवळजवळ एक बाळ पहिला वाढदिवस पाहू शकत नव्हते. गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगाने नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

नामविज्ञानाच्या दृष्टीने या आकड्यांचे महत्त्व असे, की एखाद्या गावातील दगडू, धोंडू, उकंडा या नावांची पिढी म्हणजे त्या गावातील बालमृत्यूंची अप्रत्यक्ष नोंद आहे. जन्ममृत्यूची नोंदवही जेथे अपुरी असते, तेथे नावेच साक्ष देतात. 'दगडू' या नावाच्या मागे बहुधा त्याच्या आधी गेलेले एखादे भावंड उभे असते. जेथे बाळ जगण्याची शाश्वती वाढते, तेथे अशा नावांची गरज उरत नाही.

हीनार्थी नावांचे चार प्रकार

मात्र हीन अर्थाची सर्वच नावे रक्षकनामे मानणे चुकीचे ठरेल. नाव देणारा, घेणारा आणि हेतू या तीन कसोट्या लावल्या असता अशा नावांचे चार प्रकार स्पष्ट होतात.

१) भयातून दिलेली नावे : दगडू, धोंडू, केरबा इत्यादी. येथे शब्द हीन असला तरी देणाऱ्याच्या मनात पराकोटीचे प्रेम असते.

२) नकोसेपणातून दिलेली नावे : 'नकुशी' हे याचे ठळक उदाहरण. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीला हे नाव दिले जाई. २०११ साली सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक 'नकुशीं'ना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. दगडू व नकुशी ही दोन्ही नावे वरवर सारखी भासली, तरी पहिल्यात मूल जगावे ही आस आहे आणि दुसऱ्यात ते जन्मल्याची खंत आहे.

३) सत्तेने लादलेली नावे : मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सा उत्पन्न करणारे असावे, असा नियम सांगितला आहे. येथे हीन नाव हे श्रद्धेचा नव्हे, तर वर्णव्यवस्थेचा भाग बनते. आपल्या नावाचा अर्थ काय असावा, हे ठरविण्याचा अधिकारच एका मोठ्या समाजघटकाकडून काढून घेतला जातो.

४) विनयातून स्वीकारलेली नावे : 'तुकड्या' हे नाव या प्रकारात येते. त्यामागे मृत्यूचे भय नाही, नकोसेपणा नाही आणि समाजाने केलेली सक्तीही नाही. गुरूने दिलेले नाव शिष्याने केवळ स्वीकारले नाही, तर आयुष्यभर आपल्या प्रत्येक रचनेवर मुद्रा म्हणून वागविले.

तिसऱ्या प्रकाराच्या संदर्भात चंद्रपूर जिल्ह्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व दिली. त्यानंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथेही दीक्षा समारंभ झाला. पुढील पिढ्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, नागसेन ही नावे या प्रदेशात घरोघरी आली. हे नामांतर केवळ आवडीनिवडीचे नव्हते. स्वतःच्या मुलाला अभिमानास्पद नाव देण्याचा, नाकारला गेलेला अधिकार त्यातून प्रत्यक्षात आणला गेला. म्हणूनच 'जुनी साधी नावे टिकवावीत' असा सरसकट उपदेश करणे इतिहासाला धरून होणार नाही. एकाने हीन अर्थाचे नाव स्वेच्छेने स्वीकारणे आणि दुसऱ्याने तसे नाव नाकारणे, या दोन्ही कृती स्वातंत्र्याच्याच असू शकतात.

चिमूर आणि नावाचा सार्वजनिक प्रवास

तुकडोजी महाराजांच्या नावाला चिमूरने राजकीय अर्थ प्राप्त करून दिला. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात खंजिरीच्या तालावरील त्यांच्या भजनांनी हा परिसर जागृत झाला होता. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर येथे उठाव झाला. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा किशोरवयीन मुलगा हुतात्मा झाला. संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. त्यानंतर गावावर, विशेषतः स्त्रियांवर, झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. महाराजांना ऑगस्ट अखेरीस चंद्रपूर येथे अटक झाली, नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले आणि डिसेंबर १९४२ मध्ये त्यांची सुटका झाली.

या घटनाक्रमात दोन नावे शेजारीशेजारी येतात. 'बालाजी' हे चिमूरच्या आराध्य दैवताचे नाव एका मुलाला लाभले होते, आणि 'तुकड्या' हे भिक्षेच्या भाकरीचे नाव एका साधूने धारण केले होते. पहिले नाव मंगल, दुसरे क्षुल्लक. इतिहासाने दोन्ही नावांना समान आदर दिला. शब्दाचा कोशातील अर्थ व्यक्तीच्या कृतीने कसा मागे पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

पुढे डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी महाराजांचा 'राष्ट्रसंत' म्हणून गौरव केला आणि हे पद नावाचाच भाग बनले. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेत महाराज सहभागी झाले. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला २००५ साली 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ' असे नाव देण्यात आले. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेली असली, तरी त्यापूर्वीच्या काही वर्षांत या भागातील पदवीधरांच्या पदवीपत्रांवर 'तुकडोजी' हे नाव छापले गेले आहे. भिक्षेच्या भाकरीचा निर्देश करणारा शब्द विद्यापीठाच्या मुद्रेवर यावा, ही मराठी नामेतिहासातील असाधारण घटना आहे.

शिक्षणक्षेत्रासाठी या अभ्यासाचे महत्त्व

नावांचा सर्वाधिक उच्चार जर कोठे होत असेल, तर तो वर्गातील हजेरीच्या वेळी. प्रवेश अर्जावर विद्यार्थ्याच्या नावापुढे वडिलांचे नाव येते. आजच्या विद्यार्थ्यांची नावे आरव, अथर्व, वेदांत अशी असली, तरी ग्रामीण व वनभागात वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावात दगडू, उकंडा, भिकाजी, त्याचप्रमाणे वारांवरून आलेली सोमा, मंगरू, बुधाजी, सुकरू ही नावे आढळतात. असे नाव वाचले जाताच वर्गात हशा पिकतो आणि विद्यार्थी मान खाली घालतो. अनेक जण मधले नाव आद्याक्षरापुरते लिहितात. काही जण राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलून घेतात. नाव बदलणे हा त्यांचा अधिकार आहेच. परंतु वडिलांच्या नावाची लाज वाटून ते लपवावे लागणे, हे शिक्षणाचे अपयश मानावे लागेल.

या ठिकाणी प्राध्यापकाची भूमिका निर्णायक ठरू शकते. 'दगडू' या नावामागे मूल जगावे म्हणून केलेला नवस आहे, 'मंगरू' हे नाव जन्मवाराची नोंद आहे, आणि ज्यांच्या नावाने विद्यापीठ ओळखले जाते त्या महापुरुषाचे नावही 'तुकडा' या शब्दापासूनच झाले आहे, एवढे स्पष्टीकरण त्या वेळी दिले गेले, तर हशाची जागा कुतूहल घेईल. मराठी, समाजशास्त्र व इतिहास या विभागांना विद्यार्थ्यांकरवी आपापल्या गावातील तीन पिढ्यांच्या नावांचा संग्रह करता येईल. ज्येष्ठ पिढी काळाच्या पडद्याआड जात असताना नावांमागील कथाही नाहीशा होत आहेत, म्हणून हे काम लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.

निष्कर्ष

१) 'तुकड्या' हे नाव 'तुकडा' या आकारान्त पुल्लिंगी नामापासून आलेले असून त्याचे रूप सामान्यरूप व संबोधन या दोहोंशी जुळते. 'तुकडोजी' हे त्याचे आदरार्थी रूप मराठीतील 'ओजी' या प्रचलित साच्यानुसार सिद्ध झाले आहे.

२) भिक्षेच्या तुकड्यावर जगणारा, हा नावाचा पारंपरिक अर्थ असून 'माणिक' या रत्नवाचक नावाच्या पार्श्वभूमीवर तो अधिक उठून दिसतो.

३) हीनार्थी नावांच्या मराठी परंपरेशी या नावाचे बाह्य साम्य आहे, मात्र हेतूच्या दृष्टीने ते भयजन्य, नकोशीवाचक व लादलेल्या नावांपेक्षा भिन्न आहे.

४) रक्षकनामे ही अंधश्रद्धेची खूण असली, तरी त्याचबरोबर बालमृत्यूच्या सामाजिक इतिहासाचे साधनही आहेत. त्यांची टर उडविणे म्हणजे त्या दुःखाची टर उडविणे होय.

५) लादलेले नाव नाकारणे आणि साधे नाव स्वेच्छेने वागविणे या दोन्ही कृतींमागे आत्मसन्मान असू शकतो. म्हणून कोणत्याही नावाचे मूल्यमापन केवळ त्याच्या शब्दार्थावरून करू नये.

समारोप

चिमूरच्या परिसरात आजही खंजिरीवर भजन होते आणि अखेरच्या चरणात 'तुकड्या' हे नाव येते. तेथे कोणी हसत नाही. तेच लोक दुसऱ्या दिवशी आपल्या मुलाला महाविद्यालयात पाठवितात आणि तेथे आजोबाचे 'दगडू' हे नाव ऐकून हशा होतो. या दोन प्रसंगांतील अंतर कमी करण्यासाठी नवीन कायद्याची वा मोठ्या निधीची आवश्यकता नाही. हजेरीपत्रक हातात असलेल्या व्यक्तीने प्रत्येक नाव पूर्ण, स्पष्ट आणि आदराने उच्चारले, तरी त्याचा आरंभ होऊ शकेल.